शिकारीवरचा संताप आणि सिंहाचे शेजारी

2015 सालच्या जुलै महिन्यात झिम्बाब्वेतील ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, हत्तीच्या कलेवराचे आमिष ठेवून बसलेल्या एका अमेरिकी दंतवैद्याने रात्री एका सिंहावर बाण सोडला. बाण लागला, पण सिंह मेला नाही. जखमी अवस्थेत त्याने ती रात्र काढली आणि सकाळी शिकाऱ्यांनी त्याला गाठून संपवले. बारा-तेरा वर्षांचा, काळसर आयाळीचा हा नर ह्वांगेत येणाऱ्या पर्यटकांना चांगला ओळखीचा होता. गाड्या जवळ आल्या तरी तो बुजत नसे, त्यामुळे त्याचे फोटो जगभर पोचले होते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वन्यजीव संशोधन गटाने त्याच्या गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसवला होता. त्याला नावही होते : सिसिल. ज्या सेसिल ऱ्होड्सने हा देश ब्रिटिश सत्तेखाली आणला आणि ज्याच्या नावाने तो ऱ्होडेशिया म्हणून ओळखला गेला, त्याचेच हे नाव.

महिनाअखेरीस बातमी फुटली आणि पुढे जे झाले त्याला वन्यजीवांच्या बाबतीत तोड नाही. जिमी किमेल या अमेरिकी सूत्रसंचालकाचा आवाज कार्यक्रमात बोलता बोलता दाटून आला. दंतवैद्याच्या मिनेसोटातील दवाखान्याच्या दारात लोकांनी कापडी सिंह आणि फुले आणून ठेवली, निदर्शने केली. दवाखाना काही आठवडे बंदच राहिला. डेल्टा, युनायटेड आणि अमेरिकन या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा अशा प्राण्यांची शिकारीत मिळालेली मुंडकी-कातडी वाहून नेणार नाही असे जाहीर केले. ऑक्सफर्डच्या गटाकडे सुमारे 10 लाख डॉलरच्या देणग्या जमल्या. वर्ष संपण्याआधी अमेरिकेने आफ्रिकी सिंहाला आपल्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली आणले. झिम्बाब्वे सरकारने मात्र ऑक्टोबरात सांगून टाकले की दंतवैद्याची कागदपत्रे व्यवस्थित होती, त्याच्यावर खटला भरणार नाही.

हे सगळे चालू असताना हरारेत पत्रकारांनी तिथल्या प्रभारी माहितीमंत्री बाईंना सिसिलविषयी विचारले. त्यांनी उलट विचारले, ‘कोणता सिंह?’ पुढच्याच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्समध्ये गुडवेल न्झू या झिम्बाब्वेच्या तरुणाचा लेख आला. तो तेव्हा अमेरिकेत पीएच.डी. करत होता. एक सिंह मारला गेल्याचे कळल्यावर आपल्याला आधी आनंदच झाला, असे त्याने सरळ लिहिले. तो नऊ वर्षांचा असताना गावाभोवती एकटा सिंह फिरू लागला. आधी कोंबड्या गेल्या, मग शेळ्या, मग गाय. मुलांना शाळेत घोळक्याने जायला सांगितले गेले, बाहेरचे खेळ बंद झाले. बहिणी नदीवर पाण्याला एकट्या जाईनात. आई सरपणाला निघायची ती वडील आणि मोठे भाऊ कुऱ्हाडी-भाले घेऊन सोबत आल्यावरच. शेवटी तो सिंह मारला गेला तेव्हा गाव नाचले, गायले. तो कोणी मारला, गोऱ्या शिकाऱ्याने की गावकऱ्याने, परवान्याने की चोरून, याची चौकशी कोणी केली नाही.

त्या लेखावर पाश्चात्त्य वाचक चिडले, काही जण खजील झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत या विषयावर जे लिहिले-बोलले गेले, त्यातले बरेचसे या दोन चित्रांमध्येच फिरत राहिले : एकीकडे रडणारी अमेरिका, दुसरीकडे नाचणारे आफ्रिकी गाव. हे चित्र खोटे नाही. पण ते फार सोपे आहे, आणि या सोपेपणाने मूळ प्रश्न झाकला जातो असे मला वाटते. सिंहावर प्रेम कोण करतो आणि कोण करत नाही, यापेक्षा सिंह जगवण्याची किंमत कोणाच्या अंगणात वसूल होते आणि त्याचा निर्णय कोणाच्या हातात असतो, हा खरा वाद आहे. भावनांचा झगडा त्यावर चढलेला आहे.

आफ्रिकी मत म्हणून एकसंध काही नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. मुचा म्कोनो या झिम्बाब्वेच्या अभ्यासक. ट्रॉफी शिकारीबद्दल आफ्रिकी लोक समाजमाध्यमांवर काय बोलतात याचा त्यांनी अभ्यास केला; तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बोलणाऱ्यांचा मोठा राग शिकारीवर होताच, पण प्राण्याच्या हक्कासाठी म्हणून तो फारसा नव्हता. बाहेरचा श्रीमंत माणूस येतो, पैसे मोजून आमच्या जमिनीवरचा सर्वांत मोठा प्राणी मारतो, आमचे पुढारी मधला मलिदा खातात, आणि आम्ही सशासाठी फास लावला तर तुरुंगात जातो, हा तो राग होता. म्हणजे शिकार सुरू राहावी म्हणणाऱ्या सरकारवरही लोक चिडलेले होते आणि ती बंद करा म्हणणाऱ्या परक्यांवरही.

या रागाला इतिहास आहे. ह्वांगे हे नाव तिथल्या नाम्ब्या लोकांच्या एका प्रमुखाचे. 1928 मध्ये वसाहतीच्या सरकारने हा सारा टापू राखीव केला आणि आत राहणारी माणसे बाहेर गेली. आज जवळजवळ साडेचौदा हजार चौरस किलोमीटरचे ते उद्यान आहे, आणि ज्यांचे पूर्वज आत राहत होते त्यांची शेते त्याच्या कडेला आहेत. संपूर्ण पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत थोड्याफार फरकाने हेच घडले. 1900 साली लंडनमध्ये युरोपीय सत्तांनी आफ्रिकेतील प्राण्यांच्या रक्षणासाठी करार केला, त्यात त्या प्राण्यांबरोबर राहणाऱ्या कोणाचाही सहभाग नव्हता. बंदूक, परवाना आणि ‘खिलाडू’ शिकारीचे नियम साहेबांसाठी. फासे, खड्डे, विषारी बाण मात्र क्रूर आणि बेकायदा. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट 1909 मध्ये मुलाला घेऊन पूर्व आफ्रिकेत आले. बाप-लेकांनी मिळून 512 प्राणी मारले आणि ते वॉशिंग्टन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत गेले. रूझवेल्ट निसर्गरक्षक म्हणूनही तितकेच मोठे होते, ही गोष्ट आज पचायला जड जाते, पण तो काळ तसाच होता. शिकारी आणि संरक्षक हे एकच वर्तुळ होते. ज्यांची शिकार पोटासाठी होती ते त्या वर्तुळाबाहेर राहिले.

त्यांना प्राण्यांची कदर नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. शोना समाजात प्रत्येक कुळाला एक प्राणी किंवा प्राण्याचा अवयव असतो : शुम्बा म्हणजे सिंह, मोयो म्हणजे हृदय, न्झू म्हणजे हत्ती. कुळाचा प्राणी खायचा नाही, त्याच कुळात लग्न करायचे नाही, आदराने हाक मारताना कुळाच्याच नावाने मारायची. आपल्याकडच्या देवकाशी हे किती जुळते ते मराठी वाचकाला सांगायला नको; मोरे कुळाचे मोरपीस घ्या. मेलेल्या राजांचे आत्मे सिंहाच्या रूपाने वावरतात अशीही शोनांची श्रद्धा आहे. न्झू याच्या लेखातही ही कुळाची गोष्ट आहे : हत्ती हे आपले कुळ, हत्तीचे मांस खाणे आपल्याला स्वतःच्या नातलगाला खाण्यासारखे वाटेल, असे तो सांगतो. सिंहाच्या मरणाने आनंदणारा आणि हत्तीला नातलग मानणारा हा एकच माणूस आहे.

आता शिकारीच्या व्यवहाराकडे वळू, कारण बहुतेक चर्चा तिथे येऊन अडते. ट्रॉफी शिकार म्हणजे परवाना काढून, मोठी रक्कम भरून, ठरलेल्या संख्येतला एक प्राणी मारणे आणि त्याचे डोके, शिंगे किंवा कातडे घरी नेणे. सिसिलसाठी सुमारे 50,000 डॉलर मोजले गेले असे सांगितले जाते. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला सुमारे 14 लाख चौरस किलोमीटर जमीन या शिकारीसाठी राखलेली होती, असा हिशोब 2007 मध्ये मांडला गेला. ती राष्ट्रीय उद्यानांहून अधिक भरते. यातली पुष्कळ जमीन सपाट, काटेरी, माश्यांनी भरलेली आणि रस्त्यांपासून लांब आहे. तिथे फोटो काढायला पर्यटक येत नाहीत. शिकारी येतो, कारण त्याला आरामाची खोली आणि सुंदर देखावा नको असतो. शिकारीचे समर्थक म्हणतात ते हेच : या जमिनीला उत्पन्न नसेल तर तिथे गुरे येतील, मका येईल, आणि मग सिंहही राहणार नाही आणि म्हैसही.

झिम्बाब्वेच्याच दक्षिणेतले बुब्ये खोरे हे त्यांचे लाडके उदाहरण आहे, आणि ते खोडून काढणे सोपे नाही. गुरांचे कुरण मोडून तिथे वन्यजीवांचे राखीव क्षेत्र केले गेले. 1999 मध्ये 17 सिंह आणून सोडले. शिकारीच्या पैशावर चाललेल्या या जमिनीत पंधरा-सोळा वर्षांत सिंहांची संख्या पाचशेच्या घरात गेली. सिसिलनंतर अमेरिकी शिकारी यायचे कमी झाले आणि 2016 मध्ये तिथल्या व्यवस्थापनाने जाहीर सांगितले की सिंह जास्त झाले आहेत, दोनशेच्या आसपास कमी करावे लागतील.

दुसरीकडे नामिबिया. 1996 च्या कायद्याने तिथल्या सामाईक जमिनीवर राहणाऱ्या गावांना वन्यप्राण्यांपासून येणाऱ्या उत्पन्नावर हक्क मिळाला. आज अशी 86 सामूहिक राखीव क्षेत्रे आहेत आणि देशाचा जवळजवळ पाचवा भाग त्यांत येतो. 1995 च्या सुमारास साडेसात हजारांवर असलेले हत्ती आता वीस हजारांच्या वर गेले आहेत. पर्यटनाचे निवास चांगले चालायला वर्षे लागतात; शिकारीचा पैसा पहिल्या हंगामापासून येतो, आणि मारलेल्या प्राण्याचे मांस गावात वाटले जाते. मांसाची ही गोष्ट दूरच्या वाचकाला किरकोळ वाटेल, पण दुष्काळी वर्षात ती मोठी असते. याच देशात एका म्हाताऱ्या, प्रजननाच्या पलीकडे गेलेल्या काळ्या गेंड्याच्या शिकारीचा परवाना 2014 मध्ये डॅलस येथे लिलावाने 3,50,000 डॉलरला विकला गेला, तेव्हाही जगभर असाच गदारोळ झाला होता.

आफ्रिकेबाहेरचे उदाहरण हवे असेल तर पाकिस्तानातल्या मारखोरचे आहे. वळणदार शिंगांचा हा डोंगरी रानबोकड एके काळी संपत आला होता. गिलगिट-बाल्टिस्तान आणि चित्रालमध्ये दर हिवाळ्यात मोजके परवाने निघतात, एकेक परवाना एक लाख डॉलरच्या वर जातो आणि त्यातले 80 टक्के गावांना मिळतात. 2015 मध्ये मारखोरला संकटग्रस्त वर्गातून वरच्या, कमी धोक्याच्या वर्गात हलवण्यात आले.

इथेच थांबलो तर शिकारीचे समर्थन पक्के झाल्यासारखे वाटेल. ते तसे नाही. सिसिलचा मागोवा घेणाऱ्या ऑक्सफर्डच्याच संशोधकांचा जुना अभ्यास पाहा. 1999 ते 2004 या काळात ह्वांगेत 62 सिंहांना खुणेचे पट्टे बांधले होते. त्यांतले 24 शिकाऱ्यांच्या गोळीने मेले, आणि पट्टे बांधलेल्या प्रौढ नरांपैकी तब्बल 72 टक्के मारले गेले. हे सिंह उद्यानातले; कडेच्या शिकार पट्ट्यांत पाऊल टाकले की संपले. एक नर गेला की त्याच्या जागी उद्यानाच्या आतल्या भागातून दुसरा येई आणि तोही मारला जाई. नवा नर आला की आधीच्या नराचे छावे बहुधा मारले जातात, म्हणजे एका डोक्याची किंमत एका सिंहापुरती राहत नाही. या आकड्यांनंतर झिम्बाब्वेने पश्चिम भागात काही वर्षे सिंहांची शिकार थांबवली होती. टांझानियातही परवान्यांची संख्या ठरवताना सिंह मोजण्यापेक्षा सरकारी तिजोरी मोजली जाई, असे सिंहांचे अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले. किमान सहा वर्षांचाच नर मारावा, हा नियम त्यांच्याच आग्रहातून आला.

आणि दक्षिण आफ्रिकेतली कुंपणातली शिकार! तिथे पिंजऱ्यात जन्मलेले हजारो सिंह आहेत. छावे लहान असताना पर्यटकांना त्यांना दूध पाजायला देतात, थोडे मोठे झाले की त्यांच्याबरोबर फिरायला नेतात, आणि पूर्ण वाढ झाली की कुंपणाच्या आत पैसेवाल्या शिकाऱ्यापुढे उभे करतात. हाडे आशियात औषधासाठी जातात. याला संरक्षण म्हणण्याची हिंमत आता तिथले सरकारही करत नाही. 2021 मध्ये तिथल्या पर्यावरणमंत्र्यांनी हा धंदा बंद करण्याचे धोरण जाहीर केले. त्याची अंमलबजावणी रखडली आहे. सिसिलसाठी पेटलेल्या संतापाचा एक भाग या पिंजऱ्यांपर्यंत पोचला, याचे श्रेय त्या संतापाला द्यायला हवे.

गावांना मिळणाऱ्या पैशाचे तरी काय? झिम्बाब्वेने 1980 च्या दशकाच्या शेवटी कॅम्पफायर नावाची योजना आणली, तिचा जगभर गौरव झाला. शिकारीचे पैसे जिल्हा परिषदेमार्फत गावाला. पण परिषदा आपला वाटा वाढवत गेल्या आणि घरटी हातात पडणारी रक्कम बऱ्याच ठिकाणी एका शेळीच्या किमतीएवढीही उरली नाही. 2014 मध्ये अमेरिकेने झिम्बाब्वेतून हत्तींच्या सुळ्यांची आयात थांबवली तेव्हा योजनेचे उत्पन्न आणखी घसरले. म्हणजे गावाच्या वाट्यावर आधी स्थानिक पुढाऱ्याने हात मारला आणि मग परदेशी निर्णयाने.

बंदीच्या बाजूचा पुरावाही असाच अडखळत चालतो. केनियाने 1977 मध्येच शिकार पूर्ण बंद केली. शिकारविरोधी लोक केनियाचे नाव अभिमानाने घेतात. पण 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार त्या वर्षापासून पुढे केनियाच्या गवताळ प्रदेशांतले वन्यप्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले आणि शेळ्या-मेंढ्या कितीतरी वाढल्या. शिकारबंदीमुळे घट झाली असे मी म्हणणार नाही. लोकसंख्या, कुंपणे, दुष्काळ, सगळे आहे. बंदीने घट थांबली नाही, एवढे मात्र निश्चित. बोट्सवानाने 2014 मध्ये बंदी घातली आणि 2019 मध्ये उठवली. तिथे 1,30,000 च्या आसपास हत्ती आहेत, जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. 2024 च्या वसंतात जर्मनीने ट्रॉफींच्या आयातीवर आणखी निर्बंधांची भाषा केली तेव्हा तिथले तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी वीस हजार हत्ती जर्मनीला भेट पाठवण्याची धमकी दिली. त्याआधी त्यांच्या एका मंत्र्याने लंडनच्या हाइड पार्कमध्ये दहा हजार सोडू म्हटले होते. युरोपात यावर हसू झाले. तिथल्या चोबे नदीच्या काठावर ज्यांनी ज्वारी पेरली आहे आणि रात्रभर शेकोटी पेटवून डबे बडवत बसले आहेत, त्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नसणार.

भारताने याच प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रस्त्याने दिले, आणि आपण ते इतके गृहीत धरतो की त्याची किंमत कोणी मोजली याकडे पाहतच नाही. सरगुजाच्या महाराजांनी हजाराहून अधिक वाघ मारले. देशातले शेवटचे समजले जाणारे तीन चित्ते 1947 मध्ये कोरिया संस्थानच्या महाराजांच्या गोळीने पडले. कोल्हापूर दरबारी चित्ते पाळून काळविटांवर सोडत, देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणत. चित्तेवानांची घराणी त्यावर जगत. राधानगरी-दाजीपूरचे जंगल ही संस्थानची शिकारीची राखीव जागा, आणि तेच 1958 मध्ये महाराष्ट्राचे पहिले अभयारण्य झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांना वाघ मिळवून देणाऱ्या शिकार कंपन्या चालत होत्या. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, 1972 मध्ये वन्यजीव कायदा आला, 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प. 1972 च्या गणनेत 1,827 भरलेले वाघ 2022 च्या अंदाजात 3,682 झाले. हे मोठे यश आहे आणि ते ट्रॉफी शिकारीशिवाय मिळाले आहे. शिकार हाच एकमेव मार्ग म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

पण त्याच कायद्याने राजाची हौस आणि फासेपारध्याचे पोट एकाच तागडीत टाकले. 1871 पासून ब्रिटिशांच्या कायद्याने पारध्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. स्वातंत्र्यानंतर तो शिक्का कायद्यातून गेला, पण तितर-लाव्यांसाठी घोड्याच्या केसांचे फासे लावण्याचा त्यांचा धंदा नव्या कायद्याने गुन्हा झाला. राजांनी बंदुका खाली ठेवून पर्यटनाची हॉटेले काढली. पारध्याला तो रस्ता नव्हता. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी हाच मुद्दा वारंवार मांडला : 1972 चा कायदा रानालगत राहणाऱ्यांच्या विरोधात गेला आहे आणि नियंत्रित शिकारीला स्थान द्यायला हवे. त्यांच्यावर टीका खूप झाली, उत्तर कमी दिले गेले.

सिसिलचा वाद आपल्या दारात आला तो 2018 मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात. पांढरकवडा-राळेगाव भागात टी-1 वाघिणीवर दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. मेलेले बहुतेक गुराखी आणि शेतकरी होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ठार मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही, सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही नाही. मग महिनोन्महिने मोहीम चालली : ड्रोन, पॅराग्लायडर, सापळा-कॅमेरे, अत्तराचे आमिषसुद्धा. ताडोब्याहून आणलेला एक हत्ती तळावरून पळाला आणि त्याच्या पायाखाली एका बाईचा जीव गेला. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघीण मारली गेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. तोवर शहरांत आणि समाजमाध्यमांवर तिचे नाव ‘अवनी’ झाले होते. मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या पेटल्या, केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी राज्य सरकारवर कडक टीका केली. पांढरकवड्याच्या गावांत मात्र फटाके वाजले आणि पेढे वाटले गेले.

ती ज्या पद्धतीने मारली गेली त्याबद्दलचे आक्षेप गंभीर होते. बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरेच झाला का, रात्रीच्या अंधारात का गाठले, नियम का धाब्यावर बसवले, या प्रश्नांची राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानेही दखल घेतली. त्यामुळे संताप चुकीचा होता असे मी म्हणत नाही. पण त्या संतापात तेरा माणसांची नावे कुठेच नव्हती. ह्वांगेच्या कडेला मेलेल्या माणसांची नावेही सिसिलच्या बातम्यांत नव्हती. एका प्राण्याला नाव मिळाले की त्याचे चरित्र तयार होते, आणि त्याच्या जिवाची किंमत शेजारच्या अनामिक माणसाहून वर जाते.

पण म्हणून गावाकडचा माणूस जनावराला शत्रूच मानतो, हेही खरे नाही. त्यासाठी पालघर-ठाण्याच्या वारली पाड्यांवर जावे. पाड्याच्या कडेला, झाडाखाली वाघोबाची मूर्ती असते : एखाद्या लाकडी फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, अंगावर शेंदराचे थर. वाघबारसेला तिथे कोंबडा दिला जातो, नारळ फुटतो. मुंबई उपनगर, पालघर आणि ठाणे परिसरात अशी दीडशेहून अधिक स्थाने संशोधकांनी नोंदवली आहेत. त्या पूजेत भोळी माया नाही. बोली आहे : आम्ही तुझा मान राखतो, तू आमच्या माणसांना, गुरांना सोड. बिबट्याने शेळी नेली तर कोणी म्हणेल यंदा पूजेत कसूर झाली. वन खात्याची भरपाई हवीच असते आणि पूजाही हवीच असते. अकोले तालुक्यात उसाच्या फडात माणसांच्या मध्ये राहणारे बिबटे विद्या अत्रेय यांनी अभ्यासले, तेव्हा त्यांनाही असाच, सहज मान्य केलेला शेजार दिसला होता. तो शेजार अमर्याद ताणता येत नाही, हे आता जुन्नर-शिरूरच्या गावांत रोज दिसते. तिथे ऊस वाढला, बिबटे वाढले, आणि लोकांचा धीर सुटत चालला आहे. चंद्रपुरात दोनशेच्या वर वाघ आहेत, आणि मोहफुले-तेंदूपाने वेचायला गेलेल्या बायका मरण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. राज्य सरकार मृत्यूमागे 25 लाख रुपये देते. रक्कम लहान नाही, पण ती मरणानंतर येते.

मरणाआधी पैसा पोचवण्याचा एक प्रयोग केनियाच्या अंबोसेली भागात दिसतो. तिथे मसाई तरुणाने सिंह मारणे हा मर्दपणाचा पुरावा होता. मारणाऱ्याला त्या सिंहावरून नवे नाव मिळे. 2007 मध्ये तिथे ‘लायन गार्डियन्स’ नावाची योजना सुरू झाली. ज्यांनी सिंह मारले होते त्याच तरुणांना पगारावर सिंहांचे राखणदार नेमले. ते पाऊलखुणा काढतात, सिंह कुठे आहे ते गुराख्यांना आधीच कळवतात, हरवलेली गुरे आणि वाट चुकलेली पोरे शोधून आणतात, बोमा म्हणजे काटेरी गोठे दुरुस्त करून देतात, सूड घ्यायला निघालेल्या टोळीची समजूत काढतात. आता सिंहाला मसाई नाव तेच देतात. मान आणि नाव दोन्ही राहिले, फक्त सिंह जिवंत ठेवून. सिंह मारले जाण्याचे प्रमाण तिथे खूप घटले. संस्कृती बदलत नाही म्हणणाऱ्यांनी आणि ती बाहेरून हुकूम सोडून बदलता येते म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे उदाहरण नीट पाहावे.

मला स्वतःला मनोरंजनासाठी सिंह मारणारा माणूस कळत नाही आणि कळून घ्यावासाही वाटत नाही. भिंतीवर डोके टांगण्यात मला काही थोर दिसत नाही. नीतीचे अभ्यासक म्हणतात की पैशाने चांगले काही होत असले तरी प्राण्याच्या देहाचे बक्षीस करणे हे मुळात हीन आहे, आणि या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण 2019 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात शंभराहून अधिक जाणकारांनी सह्या केलेल्या पत्रातली चिंताही मला टाळता येत नाही : पर्याय उभा न करता बंदी आणली तर जमीन जाईल आणि तिच्याबरोबर प्राणीही. त्यातल्या काहींचे शिकारी संस्थांशी आर्थिक संबंध होते हा आक्षेप रास्त होता. त्याने पत्रातला मुद्दा मात्र खोटा ठरत नाही. टांझानियातले शिकारीचे कित्येक पट्टे परवडत नाहीत म्हणून कंपन्यांनी सोडून दिले आहेत. तिथे पुढे काय येणार, हे ठरवायला कोणी मेणबत्त्या घेऊन बसलेले नाही.

ब्रिटनच्या खालच्या सभागृहाने 2023 मध्ये शिकारीच्या ट्रॉफींच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मंजूर केले. वरच्या सभागृहात ते अडले. त्याआधी 2020 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांतील पन्नासहून अधिक गावप्रमुखांनी शिकारविरोधी मोहिमेतल्या नामवंतांना पत्र लिहून विचारले होते की आमच्याबद्दल बोलताना आम्हाला का विचारत नाही. त्या विधेयकात बंदीमुळे बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई गावांना देण्याची तरतूद नव्हती. ज्यांना बंदी हवी आहे त्यांनी बंदीच्या कलमाशेजारीच एक रक्कम लिहावी : नामिबियाच्या आणि झिम्बाब्वेच्या या या गावांना दरवर्षी इतके पौंड, जिल्हा परिषदेच्या वाटेने न जाता थेट, आणि बातमी शिळी झाल्यावरही. सिसिलसाठी काही आठवड्यांत 10 लाख डॉलर जमले होते, तेव्हा पैसा नाही असे कोणी म्हणू शकत नाही. तो संशोधकांकडे गेला आणि त्यांनी तो चांगल्या कामाला लावला. ह्वांगेच्या हद्दीला लागून मका पेरणाऱ्याला त्यातून रात्रीच्या राखणीची मजुरी द्यावी, असे देणाऱ्यांपैकी किती जणांच्या मनात आले असेल, हे मला विचारावेसे वाटते. पुढच्या वेळी एखादा नाव असलेला सिंह किंवा वाघ मेला, तर देणगीच्या पानावर हा रकाना आधीपासून असायला हवा.